जडवस्तू संग्रहातील खुर्ची

(कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांतील भांडार सांभाळणाऱ्यांसाठी भरविलेल्या एका प्रशिक्षण वर्गात एका निवृत्त अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



फर्निचर घडविणारे, त्याचे आराखडे करणारे आणि ते विकणारे यांच्या इतिहासावर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले तेव्हा प्रथम मला थोडा संकोच वाटला. मी सुतार नाही, व्यापारी नाही आणि कलासमीक्षक तर नाहीच नाही. माझी सारी नोकरी हिशेब आणि भांडार यांत गेली. परंतु विचार करता असे वाटले की, आपल्या देशात फर्निचरचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जर कोणी असेल, तर तो सरकार होय. शाळेचे बाक, कचेरीचे मेज, न्यायालयाचा कठडा, दवाखान्याची खाट, विश्रामगृहाची आरामखुर्ची ही सारी कोणीतरी घडविलेली असतात आणि आपण ती विकत घेऊन एका वहीत नोंदविलेली असतात. त्या वहीला आपण जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतो. आजचे भाषण म्हणजे त्या वहीतील एका ओळीविषयीचे भाषण आहे. ती ओळ अशी असते : ‘खुर्ची, लाकडी, वेताची. नग इतके. किंमत इतकी.’ लाकूड कोणते, आराखडा कोणाचा, घडविली कोणी, याला त्या वहीत रकाना नाही.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि तो सांगताना मला आजही फारसा अभिमान वाटत नाही. १९८० च्या सुमाराची गोष्ट. एका तालुक्याच्या ठिकाणी निरुपयोगी सामानाचे निर्लेखन करण्यासाठी तिघांची समिती नेमली होती आणि तिघांत मी सर्वांत धाकटा होतो. मागच्या पडवीत पंधरा-वीस खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्यांत लांब हातांच्या दोन आरामखुर्च्या होत्या. बहुतेकींचा वेत फाटलेला, एकदोघींचे पाय डगमगणारे, सर्वांवर धूळ आणि पाखरांची विष्ठा. आम्ही उभ्या उभ्या पाहिले, ‘मोडकळीस आलेले, दुरुस्तीस अपात्र’ असा शेरा मारला आणि सह्या केल्या. जाहीर लिलाव झाला, रक्कम रीतसर भरणा झाली. लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही.

दोन-तीन वर्षांनी त्याच गावच्या एका सुताराकडे काही कामासाठी जाणे झाले. त्याच्या ओसरीवर त्याचे वृद्ध वडील त्यांतल्याच एका आरामखुर्चीत बसले होते. नवा वेत विणलेला, लाकडाला तेलपाणी केलेले. खुर्ची अस्सल शिसवी होती. मी ओळखल्याचे पाहून तो हसला आणि म्हणाला, “साहेब, वेत तुटला होता. खुर्ची कुठे मोडली होती?” वेत विणून घ्यायला जो खर्च आला तो त्याने मला सांगितला. आमच्या समितीच्या त्या दिवसाच्या चहाफराळाहून तो फार अधिक नव्हता.

आता थोडे मागे जाऊ. खुर्ची हा शब्दच मुळी अरबी ‘कुर्सी’वरून आला. आपल्याकडील कारभार शतकानुशतके बैठकीवर चालला. पेशवाईतला कारकून गादीवर मांडी घालून बसे, पाठीशी लोड असे आणि पुढ्यात उतरत्या फळीचे लहानसे मेज. घरोघरी पाट, चौरंग, घडवंची, बाज, झोपाळा असे. ते गावचा सुतार बलुत्यात किंवा धान्याच्या मोबदल्यात करून देई. पाठ टेकून पाय सोडून बसण्याचे आसन राजाचे, नाहीतर देवाचे. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज आले आणि गोव्याच्या घरांतून व चर्चमधून खुर्च्या, पेट्या, कपाटे यांची नवी घडण सुरू झाली. पुढे इंग्रजी अमलात कचेरी आली आणि कचेरीबरोबर टेबल-खुर्ची आली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवाच्या कोरीव फर्निचरचा मोठा धंदा उभा राहिला. वेलबुट्टी, पशुपक्षी, जाळीकाम यांनी अंगभर नटलेले ते सामान पारशी शेटियांच्या दिवाणखान्यांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून गेले. त्या कामाचे मला कौतुक आहे. मात्र खरे सांगायचे तर त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या पाठीला ते कोरीवकाम बोचल्याशिवाय राहत नसावे.

याच काळात युरोपात एका सुताराने या धंद्याचे रूपच पालटून टाकले. मायकेल थोनेट हे त्याचे नाव. जन्म १७९६, ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड गावचा. बीच नावाच्या झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून ते लोखंडी साच्यात वाकवावे आणि वाळवावे, ही रीत त्याने वर्षानुवर्षे खटपट करून साधली. १८५९ साली व्हिएन्नातील त्याच्या पेढीने ‘चौदा नंबर’ची खुर्ची बाजारात आणली. या खुर्चीचे लाकडी भाग अवघे सहा. ते जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग भरले तर एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या बसत. पेटी बोटीने कोठेही जाई आणि तेथे स्क्रू आवळले की खुर्ची उभी. कारखाने मोराव्हियातील बीचच्या अरण्याजवळ काढले, म्हणजे लाकडाची वाहतूक वाचली. एका भागाचे काम एकाने करावयाचे, त्यामुळे मोठ्या कसबाचा कारागीरही लागत नसे. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या खपल्या, असे सांगतात. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलाभोवती जी वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची हलकी खुर्ची आपण पाहिली असेल, ती याच घराण्यातली. आराखडा करणारा, बनविणारा आणि विकणारा या तिघांनी एकच हिशेब मांडला तर काय घडते, ते तिने दाखविले.

आपल्याकडे तसा हिशेब लोखंडी पत्र्यात मांडला गेला. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला, मग तिजोऱ्या केल्या आणि १९२३ मध्ये पोलादी कपाट आणले. वाळवी, उंदीर, आग आणि दमट हवा या कचेरीतील कागदांच्या चार शत्रूंना ते कपाट पुरून उरले. पुढे तर कोणत्याही कंपनीचे असले तरी लोक त्याला ‘गोदरेजचे कपाट’च म्हणू लागले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. पत्रा कापण्याची, वाकविण्याची आणि कुलूप बसविण्याची जी विद्या कपाटासाठी कमावली होती, तीच येथे उपयोगी पडली.

परंतु ज्या हकिकतीसाठी मी आज उभा आहे ती पंजाबातली आहे. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताच्या वाट्याला आलेला पंजाब राजधानीवाचून उरला. विद्यापीठ, उच्च न्यायालय, सचिवालय सारेच नव्याने उभारावयाचे होते. पहिला नगररचना आराखडा अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञ अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. पण १९५० मध्ये विमान अपघातात नोविकी मृत्यू पावले. तेव्हा पंजाब सरकारचे दोन अधिकारी, प्रशासक थापर आणि मुख्य अभियंता वर्मा, युरोपात गेले आणि तेथून त्यांनी ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य अशा चौघांना मिळविले. १९५१ पासून चंदिगढचे काम सुरू झाले.

नाव झाले ते कॉर्बुझिए यांचे. ते वर्षातून एक-दोनदा येत, काही आठवडे राहून परत जात. कायम वस्तीला राहिले ते पिएर जानरे. १८९६ साली जिनिव्हात जन्मलेला हा अबोल गृहस्थ १९५१ मध्ये आला आणि १९६५ पर्यंत, म्हणजे प्रकृतीने साथ सोडीपर्यंत, चंदिगढ सोडून गेला नाही. पंजाबचे मुख्य वास्तुशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी शाळा बांधल्या, विद्यापीठातील इमारती बांधल्या, मंत्र्यापासून शिपायापर्यंतच्या सरकारी घरांच्या कामात भाग घेतला. आणि इमारती पूर्ण होऊ लागल्या तसा एक साधा प्रश्न उभा राहिला : आत बसायचे कशावर?

विचार करा, एकाच वेळी सचिवालय, न्यायालय, विधानसभा, महाविद्यालये, ग्रंथालये, वसतिगृहे आणि हजारो घरे यांना सामान हवे होते. परदेशातून आणण्याइतके चलन नव्हते. पोलाद महाग होते आणि ते धरणे-कारखान्यांना हवे होते. होते काय? साग होता, शिसम होता, वेत होता, बांबू आणि दोर होता, आणि हाताने काम करणारे सुतार होते. तरुणपणी पॅरिसमध्ये कॉर्बुझिए आणि शार्लोत पेरियां यांच्याबरोबर चकचकीत पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांवर काम केलेल्या जानरे यांनी येथे ते सारे बाजूला ठेवले. त्यांनी बांबू आणि दोर घेऊन खुर्च्या करून पाहिल्या. मग त्यांच्या कचेरीने सागाच्या फर्निचरचे आराखडे केले. या कामात भारतीय सहकारी होते. त्यांत वास्तुशास्त्रज्ञ युली चौधरी यांचा वाटा मोठा होता. स्वतंत्र भारतात वास्तुशास्त्राच्या व्यवसायात उतरलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक.

ही खुर्ची कशी होती ते सांगितले पाहिजे. कंपासचे दोन पाय पसरून उभे केल्यासारखे दोन्ही बाजूंना दोन दोन जाड पाय, वर हात टेकण्याची पट्टी, मधे चौकटीत विणलेली वेताची बैठक आणि वेताचीच पाठ. इतकेच. कोरीवकाम नाही, खिळ्यांचा दिखाऊपणा नाही, गादी नाही. पण प्रत्येक गोष्टीला कारण होते. साग, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही. वेत, कारण पंजाबच्या उन्हाळ्यात पाठीला वारा लागतो आणि फाटला तर पुन्हा विणता येतो. पाय जाड, कारण सरकारी खुर्ची ओढली जाते, आपटली जाते आणि तिच्यावर चढून पंखाही पुसला जातो. आकार सरळ, कारण तो कोणत्याही गावच्या सुताराला करवत, रंधा आणि पटाशी यांनी काढता यावा. मागणी एवढी मोठी होती की काम निरनिराळ्या कारखान्यांकडे वाटून द्यावे लागले. म्हणून एकाच आराखड्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर पायाच्या जाडीत, हाताच्या वळणात थोडा फरक दिसतो. थोनेटच्या खुर्चीत असा फरक हा दोष ठरला असता. येथे तो हाताचा ठसा आहे. शेवटी प्रत्येक नगावर रंगाने कार्यालयाची अक्षरे आणि अनुक्रमांक घातला गेला. विद्यापीठाचा निराळा, न्यायालयाचा निराळा. आपल्यासारख्याच एखाद्या भांडारपालाने तो घालून घेतला असणार.

ही खुर्ची तीस-चाळीस वर्षे वापरली गेली. मग जे सर्वत्र झाले तेच तेथे झाले. वेत फाटला आणि विणणारा मिळेना, किंवा विणून घेण्याचा कंटाळा आला. आपल्याकडे अंधशाळांतून खुर्च्यांचे वेतकाम शिकविले जाई आणि कचेऱ्यांचे काम त्या मुलांना मिळे; तीही प्रथा मंदावली. फिरत्या पायाच्या, रेक्झीनच्या खुर्च्या आल्या. पुढे प्लास्टिकची खुर्ची आली. ती स्वस्त, हलकी, धुता येणारी, आणि मोडली की फेकावयाची. तिला नावे ठेवणे सोपे आहे, पण गावच्या लग्नात आणि ग्रामसभेत सर्वांना एका उंचीवर बसविले ते तिनेच, हेही मान्य केले पाहिजे. चंदिगढच्या सागाच्या खुर्च्या मात्र गच्च्यांवर, जिन्याखाली, वाहनतळाच्या कोपऱ्यात ढिगाने पडल्या. पावसात भिजल्या. काही सरपणात गेल्या. उरलेल्यांचे रीतसर निर्लेखन होऊन त्या भंगाराच्या भावाने लिलावात निघाल्या.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पॅरिसचे काही व्यापारी या लिलावांना येऊ लागले. त्यांनी बोली लावली, पैसे भरले, पावती घेतली आणि कंटेनर भरून माल नेला. तेथे लाकूड साफ झाले, वेत नवा झाला आणि जानरे यांच्या नावाने दालनांत प्रदर्शने मांडली गेली. पाहता पाहता न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस येथील लिलावगृहांत एका खुर्चीला लाखो रुपये मिळू लागले. गंमत अशी की, पाठीवर रंगविलेला सरकारी अनुक्रमांक जर शाबूत असेल तर तो अस्सलपणाचा पुरावा ठरून तिचा भाव चढतो. आपण ज्याला जडवस्तूचा नंबर म्हणून खडबडीत ब्रशाने रंगवितो, ते तेथे वंशावळीचे पत्र झाले. एमी सीगल या अमेरिकन कलावतीने २०१३ मध्ये या प्रवासाची एक चित्रफीत केली. ती उलट्या क्रमाने चालते. श्रीमंतांच्या घरातील खुर्चीपासून सुरू होऊन लिलावगृह, दुरुस्तीची कर्मशाळा, जहाज असे करीत शेवटी चंदिगढच्या कचेरीत येऊन पोचते. ती चित्रफीतही मग लंडनला लिलावात विकली गेली.

साहजिकच ओरड झाली. परंतु कायद्याने अडवावयाचे कसे? पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम १९७२ चा आहे आणि त्यानुसार पुरावस्तू ठरण्यास साधारणपणे शंभर वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पन्नास वर्षांची खुर्ची त्या व्याख्येत बसत नव्हती. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढून अशा वारसा-फर्निचरच्या विक्रीवर व लिलावावर बंधने घातली. पाहणी होऊन बारा हजारांहून अधिक वस्तूंची वारसा म्हणून नोंद झाली. २०१६ मध्ये चंदिगढच्या कॅपिटॉल संकुलाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. जानरे ज्या घरात राहत, त्या पाच क्रमांकाच्या सेक्टरमधील ५७ क्रमांकाच्या घराचे २०१७ मध्ये संग्रहालय झाले. स्वतः जानरे हे पाहावयास नव्हते. १९६७ मध्ये जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी पुढे सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या.

या प्रकरणात परक्या व्यापाऱ्यांना चोर म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. नोंद झालेल्या वस्तूंच्या चोऱ्या पुढे झाल्या त्या निराळ्या; त्या गुन्हाच आहेत. पण पहिल्या लिलावांपुरते मला तसे म्हणता येत नाही. आपण विकले, त्यांनी घेतले. कागदपत्रे पूर्ण होती. मला अस्वस्थ करते ते नेमके हेच. नियम मोडला असता तर दोषी शोधता आला असता. येथे नियम पाळूनच नुकसान झाले, कारण त्या नियमाला खुर्चीचे वय माहीत होते, तिची किंमत माहीत होती, पण तिची ओळख नव्हती. माझ्या सहीच्या त्या आरामखुर्च्याही अशाच गेल्या. सुदैवाने त्या एका जाणत्या माणसाकडे गेल्या.

आणि आणखी एक उणीव आहे, ती मात्र त्या परदेशी दालनांचीही आहे. त्यांच्या सूचीत जानरे यांचे नाव ठळक असते, वर्ष असते, लाकडाची जात असते. ज्याने पटाशीने खाच काढली, कूस घट्ट बसविली आणि रंधा मारला त्याचे नाव कोठेच नसते. असणार कसे? आमच्या वहीत ते कधी लिहिलेच गेले नाही. आज तोच आराखडा घेऊन बंगळूरची फँटम हँड्स ही संस्था हाताने नव्या खुर्च्या घडविते, इटलीची कासिना कंपनीही तशा खुर्च्या विकते, आणि ठिकठिकाणच्या दुकानांतून तिच्या नकला ‘चंदिगढ चेअर’ म्हणून मिळतात. म्हणजे ज्या खुर्चीला आम्ही दुरुस्तीस अपात्र ठरविले, ती आज नव्याने करून खपते आहे. आपल्या सुताराला हे काम येत नाही असे कोणी म्हणू नये. त्याला काम मिळत नाही, कारण आम्ही दुरुस्तीपेक्षा खरेदीचा प्रस्ताव लवकर मंजूर करतो.

आता तुम्ही म्हणाल, चंदिगढ चंदिगढ झाले; आमच्या शाळेत काय आहे? तर पुष्कळ आहे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हा लोकल बोर्डाच्या शाळांचे सामान त्यांच्याकडे आले. त्यात आल्लापल्लीच्या किंवा ब्रह्मदेशाच्या सागाचे बाक असू शकतात. जुन्या विश्रामगृहांत शिसवी आरामखुर्च्या आहेत. कारागृहांतील बंद्यांनी घडविलेली मेजे कित्येक कचेऱ्यांत अजून हलत नाहीत, डुलत नाहीत. ती ओळखावयास तज्ज्ञ लागत नाही. निर्लेखनापूर्वी वस्तू उलटी करून पाहावी; शिक्का, अक्षरे, तारीख बहुधा खालच्या बाजूस असते. आतल्या बाजूने चाकूने थोडे खरवडावे. सागाचा वास लपत नाही. सांधा खिळ्याने मारलेला आहे की कूस काढून बसविलेला, ते पाहावे. गावच्या एखाद्या वयस्क सुताराला समितीच्या बैठकीस बोलवावे आणि त्याचे मत शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या नावासह लिहावे. वहीत नवा रकाना पाडण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मला ठाऊक आहे; पण शेऱ्याचा रकाना मोकळाच असतो आणि त्यात ‘साग, वेत, दुरुस्तीयोग्य, अमुक यांनी घडविली’ एवढे लिहिण्यास कोणाची मंजुरी लागत नाही. वस्तू विकावयाचीच असेल तर आधी तिचे छायाचित्र काढून ठेवावे.

जेवणाची वेळ होत आली आहे, म्हणून आता थांबतो. सकाळी येताना या इमारतीच्या मागच्या व्हरांड्यात मला आठ खुर्च्या रचलेल्या दिसल्या. सर्वांत वरच्या खुर्चीवर पाण्याचे पिंप ठेवलेले आहे. पाच मिनिटे काढून ते पिंप खाली उतरवू आणि एक खुर्ची उलटी करून पाहू. चाकू मी आणला आहे.